शमुवेल मिस्त्री, तुझी नोंद अजून झालेली नाही

शमुवेल,

तुला मातीत ठेवून आज चोवीस दिवस झाले आणि अजून कोणत्याही दप्तरात तू मेलेला नाहीस. मतदार यादीत तू आहेस. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून तूच आहेस. ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदवहीत या महिन्यात एकच नाव चढले आहे आणि ते तुझ्या धाकट्या भावाचे, दाविदचे आहे. हा दाविद या क्षणी माझ्या ओट्यावर बसून बशीतून चहा पितो आहे. सरकारच्या लेखी तो आखातात एका बांधकामावर अपघाताने वारला, त्याची पेटी विमानाने मुंबईला आली आणि ती तू सही करून ताब्यात घेतलीस.

या हकिकतीत खरी गोष्ट एवढीच की पेटी आली. बाकीच्या खोट्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. तालुक्याच्या कोर्टात मी चौतीस वर्षे कारकुनी केली. अंगठा उमटवणाऱ्या म्हातारीलादेखील मजकूर वाचून दाखवल्याशिवाय मी कधी शाईची डबी पुढे सरकवली नाही. त्या माझी ही सही.

हे मी नगरच्या एका साप्ताहिकाकडे छापण्यासाठी पाठवणार आहे. म्हणून तुला ठाऊक असलेल्या काही गोष्टीही सांगाव्या लागतील. तू ऐकून घे. ऐकून घेण्यात तू कधी कमी पडला नाहीस. तुझे उत्तर मात्र दुसऱ्या दिवशी यायचे, हातातला दगड तासता तासता, माझ्याकडे न बघता.

कर्जतच्या बाजूच्या आपल्या गावात पूर्वेच्या अंगाला दोन गल्ल्या आहेत, पाठीला पाठ लावून. एकीत तुमची ख्रिस्ती मंडळी, दुसरीत आम्ही बौद्ध. जुना धर्म सोडून तुमचे पणजे आधी गेले, आम्ही छपन्न सालानंतर; मागे गेले तर घर एकच. या दोन्ही गल्ल्यांचा मिळून एक धंदा होता. मुरमापर्यंत खणलेल्या विहिरीला खालून वर दगडाचे गोल बांधकाम चढवायचे. सात माणसांची टोळी, आणि त्या टोळीचा मिस्त्री तू. ज्या वस्त्यांवरच्या विहिरींच्या पायरीवर आपल्या आज्यांना पाय ठेवू दिला नाही, त्याच वस्त्यांवरचे शेतकरी तुला न्यायला बैलगाडी पाठवत आणि तुझ्या शब्दाशिवाय एक दगड हलवत नसत. मी हे पाहायला मुद्दाम येत असे. कोर्टात न मिळणारा न्याय मला त्या काठावर उभे राहून मिळत असे. हे मी तुला कधी बोललो नाही. बोलायला हवे होते.

तुमच्या कामाची एक रीत होती. दगड खाली सोडायच्या यारीपाशी बबन उभा असे आणि विहिरीच्या तळाशी तू. दगड दोराला बांधला की बबन वरून फक्त तुझे नाव पुकारी. "शमुवेऽल!" खालून तुझे "हाय!" आले, तरच दोर सुटायचा. मी एकदा विचारले की 'सोडतो' असे सरळ का सांगत नाही? तू म्हणालास, "भाऊसाहेब, खाली समदं घुमतंय. सोड काय आन् सोडू नको काय, येकच ऐकू येतं. नाव तेवढं चुकत न्हाई मानसाचं." चाळीस-पन्नास विहिरी तुम्ही अशा बांधल्या आणि त्यांत एकाच्याही डोक्यात दगड पडला नाही.

आपले एक भांडण वर्षानुवर्षे चालू होते. मी म्हणत असे की दगड कोणाच्या मालकीचा, हे शेवटी कागदच सांगतो. तू म्हणत असस, "कागूद पान्यात टाका आन् दगूड पान्यात टाका. सकाळी बघू कोन ऱ्हातंय." यावर बाकीचे हसत. बबन तर मला म्हणे, "भाऊसाहेब, तुमी कोर्टात जिकता, हितं दर टायमाला हारता." ते भांडण अपुरेच राहिले. आज पाहता दोघेही हरलो.

आखातातले युद्ध संपले आणि तिकडे पुन्हा बांधकामे निघाली. पहिला बबन गेला. दोन वर्षांनी सुटीवर आला तेव्हा खांद्यावर टेपरेकॉर्डर होता, आणि त्याच्या आईला गल्लीतल्या बाया नमस्कार करायला येत होत्या. त्याच्यामागून एक गेला, मग दोघे. परतणाऱ्यांचे सत्कार झाले. गावातल्या पुढाऱ्यांनी भाषणे केली की आपली पोरे साता समुद्रापार गावाचे नाव काढत आहेत. त्यांतल्या एकाही शहाण्याने असे विचारले नाही की इथल्या विहिरी आता कोण बांधणार. मी उठून विचारले तर मला खाली बसवले.

पुढे काय झाले ते मी या ओट्यावरून पाहिले. पोरे दगड शिकेनाशी झाली. नगरला जाऊन वेल्डिंग शिकू लागली, कारण व्हिसा वेल्डिंगचे निघत होते. स्लॅबची घरे उठली आणि त्यांना कुलपे लागली. नाताळच्या भजनाला पखवाजावर बसायला माणूस उरला नाही, आमच्या जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम बायकांनी धरली. काष्टीच्या बाजाराला बैल घेऊन बायका जाऊ लागल्या आणि व्यापारी त्यांना फसवू लागले. सोयरिकीला आलेली माणसे पोरगा काय करतो हे विचारायची थांबली. "पोराचा पासपोट हाय का?" एवढेच विचारत. तुझी घरधनीण मार्था अशा एका पाहुण्याला म्हणाली होती, "पासपोट काय कुळव हाकतुया व्हय?" सगळे हसले. पाहुणा उठून गेला. पुढल्या आठवड्यात त्याने पोरगी पासपोर्टवाल्याला दिली.

आणि तुझी टोळी? सातांचे तीन राहिले, मग तू एकटा. वस्तीवरचा शेतकरी तुझ्या दारी येई, "मिस्त्री, औंदा तरी बांधायची का न्हाई विहीर?" आणि तू म्हणस, "माणसं आना, बांधतो." माणसे कोठून येणार? एका पावसाळ्यात वरच्या वस्तीची न बांधलेली विहीर ढासळून बुजली. तू ती बघायला गेलास आणि काठावर किती तरी वेळ बसून राहिलास, असे मला लोकांनी सांगितले. ज्या हाताला काम होते त्या हाताचे काम गावातूनच उठून गेले होते, आणि ते उठवून नेणारे सगळे तुझे जिवाभावाचे लोक होते. तुझा राग कोणावर असणार?

मग एका सकाळी तू माझ्याकडे आलास.

"भाऊसाहेब, येक फारम भरायचं हुतं."

"कोणाच्या नावाचा?"

"दाविदच्या."

"मग दाविदला पाठव."

"जायाचं मला हाय."

एजंटाने तुला सांगितले होते की कंपनीला पस्तिशीच्या आतलीच माणसे हवी आहेत. तू त्रेचाळीस ओलांडलेला. दाविद दहा वर्षांनी लहान, सुप्याच्या कारखान्यात कामाला, त्याला कोठे जायचे नव्हते. त्याचा शाळेचा दाखला, त्याचे नाव, त्याची जन्मतारीख आणि तुझा फोटो. एवढे सोपे.

मी उठून उभा राहिलो. ही तोतयेगिरी आहे, म्हणालो. भारतीय दंड विधानाचे कलम चारशे एकोणीस तुला तोंडपाठ म्हणून दाखवले. तू जमिनीकडे पाहत राहिलास आणि म्हणालास, "नाव काय परक्याचं न्हाई भाऊसाहेब. माज्याच बापानं ठेवल्यालं हाय ते बी."

"चालता हो."

"तुमी न्हाई तर दुसरा कोन भरंल."

"भरो. पुन्हा या ओट्यावर चढू नकोस."

तू चढला नाहीस. तुझे फारम एजंटानेच नगरला भरले. जाण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही गल्ल्यांत घरोघर जाऊन तू निरोप घेतलास. माझ्या घरापुढून जाताना पाऊल हळू केलेस; मी खिडकीतून पाहत होतो, आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरले. शमुवेल, ते वर्तमानपत्र मी त्या दिवशी वाचत नव्हतो.

माझ्या या तत्त्वनिष्ठेचे पुढे काय झाले तेही लिहितो. मार्थाला लिहिता येत नाही. महिन्याभराने ती कोरा कागद आणि लखोटा घेऊन माझ्याकडे आली, कारण दुसरे कोण होते? मजकूर तिने सांगितला, मी लिहिला. लखोट्यावर पत्ता लिहायची वेळ आली. तुझ्या नावाने पाठवले तर ते तुला मिळणार नव्हते. मी क्षणभर थांबलो. ती म्हणाली, "लिवा की भाऊसाहेब. तिकडं त्यास्नी दाविदच म्हनत्यात." आणि मी लिहिले. सुंदर, गोल, कोर्टातल्या अक्षरात. त्यानंतर चार वर्षे दर महिन्याला लिहिले. ज्या नावाचा अर्ज भरायला मी नकार दिला, ते नाव मी तुला स्वहस्ते पुन्हा पुन्हा देत राहिलो.

बाकीचे सुटीवर येत, तू येत नव्हतास. शेजारच्या गावचा एक माणूस दुसऱ्याच्या नावाच्या पासपोर्टवर परतताना मुंबईच्या विमानतळावर पकडला गेला होता आणि ती बातमी तिकडे तुमच्या खोलीपर्यंत पोचली होती. तिसऱ्या वर्षी तू एक कॅसेट पाठवलीस. मार्थाने मला बोलावून घेतले. म्हणाली, शेवटी तुमच्यासाठी काही बोललेत. तिच्या घरात, धान्याच्या कोठीवर ठेवलेल्या टेपरेकॉर्डरमधून तुझा आवाज आला. मागे कोठेतरी पंखा घरघरत होता.

"भाऊसाहेब, सलाम. राग गेला आसंल तर ऐका, न्हाई तर बंद करा. हितं काम बरं हाय. पर दगूड न्हाई, समदे ठोकळे. येकासारका येक, तासायचं कायच न्हाई. हितं मला समदी दाविद म्हनत्यात. बबन बी म्हनतो, सायबाच्या भ्यानं. मला आता घरी यायचं हाय. तुमी कायद्याचं मानूस. म्या हितल्या आपल्या सरकारी कचेरीत जाऊन खरं सांगितलं, तर मला माज्या नावानं येऊ देतील का? कायतरी वाट आसंल ना? तेवढं लिवून कळवा."

मी दोन पाने पत्र लिहिले. ते माझ्याजवळ नाही, पण मला ते पाठ आहे. पासपोर्ट कायद्याचे कलम बारा काय म्हणते, खोटी माहिती दिल्यास शिक्षा काय, दाविदने दाखला दिला म्हणून तोही सहआरोपी कसा होतो, सुप्याची त्याची नोकरी कशी धोक्यात येते. सगळे क्रमवार मांडले. "सबब, कोणतेही पाऊल पूर्ण विचारांती उचलावे," असा शेवट केला. त्या पत्रात एक शब्द खोटा नव्हता. तू वाट विचारली होतीस आणि मी तुला भिंतीची उंची मोजून पाठवली.

मी हेही लिहू शकलो असतो की, शमुवेल, ये. मी मुंबईला विमानतळावर तुझ्याबरोबर उभा राहीन, नगरहून वकील आणीन, मॅजिस्ट्रेटपुढे माफी मागू, जी होईल ती शिक्षा भोगू, पण ये. कायद्यात ते बसत होते. मला ते कळतही होते. मला तुला धडा शिकवायचा होता, दुसरे काही नाही.

पुढच्या कॅसेटमध्ये माझ्यासाठी एवढेच होते : "भाऊसाहेबाचं पत्र आलं. बबननं वाचून दावलं. बरं." मार्था माझ्याकडे पाहत होती. मग तिने टेपरेकॉर्डर बंद केला. तू तिकडे आणखी दोन वर्षांचा करार केलास.

पुढल्या वर्षी बबन तुझ्या पेटीबरोबर आला. मुंबईत मालवाहू विमानांच्या गोदामापाशी मी, दाविद आणि टेम्पोवाला सकाळपासून उभे होतो. खिडकीपलीकडच्या कारकुनाने कागद चाळून विचारले, "मयत दाविद. ताब्यात घेणारे कोण?"

दाविद कागदाकडेच पाहत राहिला. आपलेच नाव त्याने मयताच्या रकान्यात वाचले होते. त्याच्या खिशात मार्थाने दिलेली, तुझ्या नावाची शिधापत्रिका होती. त्या कारकुनाने पुन्हा विचारले. मागे माणसे खोळंबली होती. तुझी पेटी आत कोठेतरी होती, आणि खरे बोललो असतो तर ती तेथेच राहिली असती. किती दिवस, ते कोणी सांगू शकले नसते.

मी म्हणालो, "हे मयताचे थोरले बंधू. शमुवेल."

दाविदने तुझे नाव लिहिले. त्याखाली, ओळख पटवणारा साक्षीदार म्हणून, मी माझे. त्या कारकुनाने शिक्का मारला आणि मला म्हणाला, "अक्षर छान आहे तुमचं."

आणि आता गावात काय पाहिले ते ऐक. दोन्ही गल्ल्यांतल्या सगळ्या कबरी, सगळे खड्डे आजवर तुझ्या टोळीने खणले होते. तुझा कोण खणणार? टोळीतले पाच परदेशात, सहावा बबन, सातवा पेटीत. मार्थाने पदर खोचला आणि कुदळ घेतली. तिच्या पाठोपाठ तुमच्या गल्लीतल्या दोघी आणि आमच्या गल्लीतल्या तिघी. पाळकसाहेब नको नको म्हणाले, तर एक म्हातारी त्यांना म्हणाली, "मग तुमी उतरा की खाली." ते उतरले. अंगातला काळा झगा काढून ठेवून उतरले. शेवटी बबनने आत उभे राहून कडा तासल्या, ओळंबा लावून, विहिरीच्या तासतात तशा.

पेटी जड होती, आत पत्र्याचे अस्तर होते. आठ खांदे लागत होते. दाविद, बबन, पाळकसाहेब आणि मी, असे आमचे चार झाले, त्यांतले दोन म्हातारे. इतक्यात वरच्या वस्तीवरचे चौघे आले, ज्यांच्या विहिरी तू बांधल्यास ते. तुमच्या गल्लीत त्यांच्या घरचे कोणी याआधी कधी आलेले मला आठवत नाही. एकाने टोपी काढली, मुकाट्याने पुढे झाला आणि पेटीखाली खांदा दिला. त्या क्षणापुरता मी त्यांचा आणि या गावाचा ऋणी आहे. माझ्या शेजारी चालताना तो एवढेच पुटपुटला, "मिस्त्रीनं बांधल्याली विहीर हाय आमची. खडा हालला न्हाई अजून."

दुसऱ्या दिवशी चर्चच्या पायरीवर बबन माझ्याजवळ येऊन बसला. मी त्याला काही विचारले नव्हते.

"वरनं ठोकळ्याचा पाळना खाली येत हुता, भाऊसाहेब. म्या वर, शमुवेल खाली. दोर सटाकला. सायेब माज्या बाजूलाच हुबा हुता. म्या वरडलो."

"काय ओरडलास?"



"दाविद म्हनून वरडलो. सायबापुढं दुसरं नाव कसं घेऊ? आन् त्यानं वर न्हाई बघितलं. मागं वळून बघितलं. माज्या तोंडनं दाविद ऐकला, तर त्याला वाटलं आसंल दाविद आलाय."

मी आयुष्यभर साक्षी लिहून घेतल्या आहेत. ही साक्ष कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही. तू मागे का पाहिलेस हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही. कदाचित तुला दोर तुटल्याचा आवाज मागून आला असेल. कदाचित बबनचे मन आता त्याला छळण्यासाठी हे रचत असेल. मी त्याला तसे समजावलेही. पण त्या दिवसापासून मला झोप लागत नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो.

मातीच्या वेळी पाळकसाहेबांनी देवापुढे तुझे खरे नाव घेतले. नंतर चर्चची दफन नोंदवही उघडून ते माझ्यापुढे बसले. त्यांच्या एका बाजूला विमानातून आलेले कागद होते. "भाऊसाहेब, प्रार्थनेत मी शमुवेल म्हणालो. वहीत काय लिहू? कागद दाविदचा आहे." त्यांनी तारीख लिहिली, वय लिहिले नाही, नावाची जागा मोकळी सोडली आणि वही मिटली. तुझ्या मातीवर अजून क्रूस नाही, कारण क्रूसावर नाव लागते. ग्रामपंचायतीने मात्र असा कोणताही संकोच केला नाही. कागद पाहिला, दाविद मेला.

मी पत्रे लिहिली. पासपोर्ट कचेरीला, जिल्हा कचेरीला, परदेशातल्या आपल्या वकिलातीला. दुसरे मला येते काय? एक उत्तर आले आहे. दुरुस्तीचा अर्ज मयताचे बंधू श्री. शमुवेल यांनी समक्ष येऊन करावा, असे त्यात म्हटले आहे. ते वाचून मी हसलो, आणि मग मला ते हसू थांबवता येईना. मार्थाने पाणी आणून दिले.

सुप्याला कारखान्यात दाविदला हजेरीबाबू म्हणाला, "अरे, तू वारलास म्हणं. मग आज पाळी कोन करतंय?" लोक हसले, दाविदही हसला. दोन दिवसांनी त्याला कागदपत्रे घेऊन वरिष्ठांकडे बोलावले. तेव्हा तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "भाऊसाहेब, आपुन गप बसू. मी दादाच्या नावानं ऱ्हातो. शेती करतो. नोकरी गेली तर गेली. कुनाला जेल नको, काय नको. कागदावरच तर हाय समदं."

खरे सांगू? मला ते पटले होते. त्याच्या भल्यासाठी पटले असे मी त्याला भासवले, पण कारण निराळे होते. आपण गप्प बसलो तर तू यादीत राहशील. शिधापत्रिकेवर राहशील. सरकार दर निवडणुकीला तुझे नाव पुकारील. मी कागदाला आयुष्यभर मानत आलो. कागदाने तुला जिवंत म्हटले, तर मी त्याला खोटे पाडायला का धावू? तू एकदा ओट्यावर चढशील आणि मी 'ये' म्हणेन, एवढ्यासाठी मला तो खोटा कागद हवासा वाटू लागला होता.

मार्था दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

"मंजी कागदावर माजा नवरा कोन? ह्यो दीर? आन् ह्येच्या बायकूला काय सांगायचं, तिचा नवरा मेला?" तिचा आवाज चढला नाही. "चार वर्सं मी दाविदला पत्र धाडली. लेकरं इचारायची, आई, बापाला काकाचं नाव का लिवते. म्या म्हनायची, बाप आला की सांगंल. आता कोन सांगनार? मी विधवा हाय भाऊसाहेब. माजं मानूस गेलंय. तेवढं तरी खरं लिवा."

दाविद रडू लागला. ती त्याला म्हणाली, "रडू नगं. तुला मारून मला ह्येंला जित्तं ठिवायचं न्हाई."

म्हणून हे ठरले. दाविदने संमती दिली आहे, म्हणाला, "लिवा समदं. मेलेल्या मानसाला नोकरीवरनं कसं काढत्यात, तेवढं तरी बगू." बबनने परतीचे तिकीट पुढे ढकलले आहे, तो तुझी ओळख पटवील आणि परत जाईल, कारण इथे त्याला काम नाही. मी गोदामातल्या सहीची कबुली देईन आणि त्या दोन पानी पत्राचीही, जरी ते पत्र कोणत्याही कलमाखाली गुन्हा ठरत नसले तरी. प्रतिज्ञापत्र तयार आहे. हा मजकूर त्याला जोडला आहे. शिक्षा झाली तर ती माझ्या वयाकडे पाहून कमी करू नये, अशी विनंती मी त्यात केली आहे.

उद्या अकरा वाजता आम्ही चौघे तालुक्याला जाऊ. ज्या टेबलामागे मी चौतीस वर्षे बसलो, त्याच्या पुढच्या बाजूला उभा राहीन. तिथली पद्धत मला माहीत आहे. कारकून मजकूर मोठ्याने वाचून दाखवील, आणि वाचून झाले की मान वर करून विचारील : शमुवेल हा मयत आहे, हे आपल्या माहितीप्रमाणे खरे आहे काय? त्यावर एका शब्दाचे उत्तर द्यावे लागते, तेही ऐकू जाईल असे.

आज सकाळपासून तो शब्द मी तोंडात धरून बसलो आहे. अजून एकदाही तो मला उच्चारता आलेला नाही. उद्या मार्था माझ्या शेजारी उभी असेल. उद्या मी होय म्हणेन.